अधांतरी थांबण्याची किंमत

छायाचित्रे घेणाऱ्या ड्रोनविषयी कोणाशीही बोलावे, बोलणे लवकरच मिनिटांवर येते. भिंग कसे आहे, चित्र किती स्वच्छ येते, याची चौकशी होते खरी. पण शेवटी उरणारा प्रश्न एकच असतो : वर किती वेळ राहतो? उत्तर बहुधा पंचवीस-तीस मिनिटे असे येते, महागड्या यंत्रांच्या बाबतीत चाळीस. ही मिनिटे वाढवण्यासाठी मोटर कोणती घ्यावी, पंखा किती इंची असावा, त्याच्या पात्यांना पीळ किती द्यावा याचा जो खल चालतो, तो वरवर पाहता निव्वळ कारागिरीचा भाग वाटतो. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का डोकवावे? कारण असे की, हा प्रश्न प्रथम जोरकसपणे मांडला तो एका छायाचित्रकाराने आणि त्याला सविस्तर, आकृतिबद्ध म्हणता येईल असे उत्तर दिले ते एका कादंबरीकाराने. ते उत्तर चुकलेले होते. मात्र ज्या ठिकाणी ते चुकले, नेमक्या त्याच ठिकाणी पुढच्या सव्वाशे वर्षांच्या यंत्रविद्येला पुन:पुन्हा यावे लागले. म्हणून हा इतिहास थोडा मुळापासून पाहण्याजोगा आहे.

छायाचित्रकाराचे नाव नादार. खरे नाव गास्पार-फेलिक्स तूर्नाशाँ, पॅरिसमधला व्यंगचित्रकार, लेखक आणि आपल्या काळातील साहित्यिक-कलावंतांच्या उत्कृष्ट व्यक्तिचित्रांसाठी ख्यातनाम असलेला माणूस. १८५८ साली त्याने पॅरिसजवळच्या प्ती-बिसेत्र या वस्तीचे छायाचित्र फुग्यातून टिपले. त्याआधी त्याचे बरेच प्रयत्न फसले होते, आणि ते का फसले हे मोठे मौजेचे आहे. फुग्यात भरलेला दगडी कोळशाचा वायू तोंडातून हळूहळू बाहेर पडे, आणि त्यातील गंधकयुक्त अंशामुळे ओल्या काचपट्टीवरचा चांदीचा लेप काळवंडून जाई. म्हणजे जे साधन कॅमेऱ्याला वर नेत होते, तेच चित्राला मारत होते. वायूचे तोंड बंद ठेवून तो वर गेला तेव्हा कुठे चित्र उमटले. ते चित्र आज उपलब्ध नाही. आकाशातून घेतलेले आज पाहायला मिळणारे सर्वांत जुने छायाचित्र अमेरिकेतल्या बॉस्टनचे आहे, जेम्स वॉलेस ब्लॅकने १८६० साली घेतलेले. १८६२ मध्ये दोमिएने नादारचे एक व्यंगचित्र काढले. त्यात फुग्याच्या टोपलीत कॅमेरा घेऊन बसलेला नादार छायाचित्रणाला 'कलेच्या उंचीवर' नेताना दिसतो. थट्टा खरीच, पण नादारच्या बाबतीत उंची हा शब्द रूपक म्हणून वापरण्याची सोय राहिली नव्हती.

फुगा वर राहतो, पण हवा तेथे राहत नाही, आणि छायाचित्रकाराला तर नेमके हवे तेथे थांबायचे असते. नादारला फुग्याचा कंटाळा आला तो यामुळे. १८६१ साली गुस्ताव्ह द पाँतों दामेकूर याने मळसूत्र आणि पंख या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून 'हेलिकॉप्टर' हा शब्द घडवला होता आणि वाफेवर चालणारी ॲल्युमिनियमची एक प्रतिकृतीही बनवली होती. ती जमिनीवरून उचलली गेली नाही. शब्द मात्र टिकला. १८६३ मध्ये नादारने आपल्या स्टुडिओत एक जाहीरनामा वाचून दाखवला : हवेवर मात करायची तर हवेपेक्षा जड व्हावे लागेल, आणि मार्ग मळसूत्राचा आहे. त्यासाठी एक संस्थाही स्थापन झाली. निधी उभा करण्यासाठी या फुगाविरोधी माणसाने काय करावे, तर 'ल जेआँ' नावाचा अवाढव्य फुगा बांधला. ऑक्टोबर १८६३ मधील त्याचे दुसरे उड्डाण जर्मनीत हानोव्हरच्या परिसरात फरफटत संपले. हवेपेक्षा हलके यंत्र माणसाला कोठे नेऊन टाकते, याचा याहून स्पष्ट पुरावा नादारच्या जाहीरनाम्यातही नव्हता.

या संस्थेचा चिटणीस होता ज्यूल व्हर्न. दोघांची मैत्री इतकी की १८६५ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीतील मिशेल आर्दान हा साहसी फ्रेंच गृहस्थ म्हणजे 'नादार'ची अक्षरे उलटीपालटी करून घडवलेले पात्र. भा. रा. भागवतांच्या लेखणीतून व्हर्न मराठीत आला आणि आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. परंतु येथे आपल्याला पाहायची आहे ती 'रोब्यूर विजेता' ही १८८६ ची कादंबरी. तिच्यात फिलाडेल्फियातील फुगेवाल्यांच्या सभेत रोब्यूर नावाचा अभियंता घुसतो, त्यांची टर उडवतो, मग त्यांच्या प्रमुखांना पळवून आपल्या 'आल्बात्रोस' या विमाननौकेवर घेऊन जातो. नौका तीस मीटर लांब. तिच्या सज्जावर सदतीस उभे दांडे : दोन्ही कडांना पंधरा-पंधरा आणि मधोमध सात जरा उंच. प्रत्येक दांड्यावर दोन आडवे पंखे, म्हणजे एकूण चौऱ्याहत्तर. शिवाय पुढे आणि मागे ढकलणारे पंखे निराळे. सगळे विजेवर चालते. आजचा ड्रोन हाताळणाऱ्याने हे वर्णन वाचले तर तो चमकेल. विजेची मोटर, अनेक पंखे, हलक्या द्रव्याचे अंग (व्हर्नने ते दाबून घट्ट केलेल्या कागदाचे कल्पिले आहे) असा सारा सांगाडा तेथे उभा आहे.

आता दोन तपशील बारकाईने पाहावेत. पंख्यांचा व्यास आणि पीळ दोन्ही लहान आहेत, मात्र त्यांना प्रचंड वेगाने फिरवता येते, असे व्हर्न सांगतो. आणि एवढे पंखे फिरवणारी वीज कोठून येते, तर रोब्यूरच्या घटांतून व संचायकांतून. त्यांत कोणती द्रव्ये आहेत हे त्याचे गुपित आहे. हे दोन तपशील एकमेकांना बांधलेले आहेत. पंखे लहान आणि वेगवान निवडले की विजेचा खर्च इतका वाढतो की ती गुपितातूनच आणावी लागते. कादंबरीकाराला तशी मुभा असते. तिला मी दोष देणार नाही. पण या एका निवडीने त्याने हवेचे गणित नेमके उलटे केले.

हे गणित समजायला सूत्रांची गरज नाही. शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबलेली कापशी घार ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तिच्यावर घिरट्या घालणारी साधी घारही पाहिली असेल. एक पंख न हलवता तासन् तास वर असते. दुसरी थोडा वेळ थांबते आणि पुढे सरकते किंवा खाली झेपावते. एका जागी अधांतरी थांबणे हा उड्डाणाचा सर्वांत खर्चिक प्रकार आहे. थांबणारे यंत्र वर राहते ते सतत हवा खाली ढकलून. आधार किती मिळेल हे ढकललेल्या हवेचे वस्तुमान आणि तिचा वेग यांच्या गुणाकारावर ठरते. खर्च मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून तेवढाच आधार थोडी हवा जोराने ढकलून मिळवला तर महाग पडतो, पुष्कळ हवा हलकेच ढकलून मिळवला तर स्वस्त. पुष्कळ हवा हाताळायची तर पंख्याचे वर्तुळ मोठे हवे. जहाजांच्या मळसूत्रांच्या अभ्यासातून रँकिनने १८६५ साली या विचाराचा पाया घातला आणि पुढे फ्रूड पितापुत्रांनी तो वाढवला. १८६५ हे मिशेल आर्दानच्या जन्माचेही साल. फ्रान्समधली कादंबरी आणि ब्रिटनमधली जहाजविद्या एकाच वर्षी आपापल्या वाटेने निघाल्या. त्यांची गाठ पडली असती तर रोब्यूरच्या दांड्यांची संख्या बरीच घटली असती.

आकडे घालून पाहू. एक किलो वजनाचा, चार पंख्यांचा ड्रोन समुद्रसपाटीच्या हवेत स्थिर ठेवायला, पंखे नऊ इंची असतील तर, तत्त्वतः सुमारे ४८ वॅट लागतात. पंखे बारा इंची केले तर सुमारे ३६. वजन तेच ठेवले तर व्यास वाढतो त्या प्रमाणात खर्च उतरतो. प्रत्यक्षातील खर्च याच्या दुपटीहून अधिक असतो, कारण पात्यांचे घर्षण, टोकांशी उठणारे भोवरे, मोटरीच्या तारांतली उष्णता आणि यंत्रातील इतर उपकरणे आपापला वाटा उचलतात. तरी प्रमाण टिकते.

आणि बॅटरी? मोठी बॅटरी लावली की काम झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु बॅटरीला स्वतःचेही वजन उचलावे लागते, आणि वजनाबरोबर खर्च दीडाव्या घाताने चढतो. समजा, बॅटरी एकूण वजनाच्या एक तृतीयांश आहे. ती दुप्पट केली तर उड्डाणाचा वेळ दुप्पट होत नाही. तो जेमतेम तीस टक्क्यांनी वाढतो. पुन्हा दुप्पट केली तर त्यात आणखी नऊच टक्क्यांची भर पडते. त्यानंतर बॅटरी वाढवणे म्हणजे वेळ कमी करणे होय. तेही पंखे, मोटरी आणि सांगाडा त्या वजनाला पुरतील असे धरून. ते पुरत नाहीत, म्हणून खरी मर्यादा बरीच आधी येते. म्हणजे साठा वाढवून सुटणारा हा प्रश्न नव्हे. पंख्याकडे आणि त्याला फिरवणाऱ्या मोटरीकडे वळण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

पंख्याचे मर्म ज्यांना आधी कळले ते राईट बंधू. १८७८ च्या सुमारास वडिलांनी त्यांना एक खेळणे आणून दिले. बूच, बांबू आणि कागद यांचे, पिळलेल्या रबराच्या जोरावर छताकडे झेपावणारे. आपल्याकडच्या जत्रेतली भिंगरी याच कुळातली. फ्रेंच संशोधक आल्फोंस पेनो याच्या १८७० च्या रचनेवरून ते बनलेले होते. मुलांनी त्याच्या मोठमोठ्या प्रतिकृती केल्या, आणि जितकी मोठी तितकी ती वाईट उडे. कारण त्यांना पुढे कळले : लांबी-रुंदी दुप्पट केली की शक्ती आठपट लागते, असे त्यांनी १९०८ साली लिहिलेल्या लेखात म्हटले आहे. सगळ्या उड्डाणविद्येतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा प्रयोग असावा.

पुढे स्वतःच्या विमानासाठी पंखा करायची वेळ आली तेव्हा, जहाजांच्या मळसूत्राचे तयार शास्त्र उचलून वापरता येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. तसे तयार शास्त्र मिळाले नाही. मग पंखा म्हणजे गोल फिरणारा पिळलेला पंख, या कल्पनेवर त्यांनी स्वतःचे गणित बांधले. वाद इतके चालत की दीर्घ भांडणानंतर दोघांच्या लक्षात येई, आपण एकमेकांच्या बाजूला जाऊन बसलो आहोत आणि मतभेद जिथल्या तिथे आहे. डिसेंबर १९०३ मध्ये उडालेल्या त्यांच्या विमानाला साडेआठ फूट व्यासाचे दोन लाकडी पंखे होते आणि ते मिनिटाला सुमारे साडेतीनशेच फेरे घेत. इंजिन मात्र त्याच्या जवळपास तिप्पट वेगाने फिरे. दोहोंच्या मध्ये सायकलच्या धर्तीची साखळी आणि दातेरी चाके होती. सायकल दुरुस्त करणाऱ्यांकडे साखळी असणारच, असे म्हणून हा तपशील सोडून देण्याची पद्धत आहे. माझ्या मते, बारा अश्वशक्तीच्या त्या अशक्त इंजिनाला माणूस उचलता आला, याचे श्रेय पंखांइतकेच या साखळीलाही जाते. इंजिनाचा स्वभाव वेगाने पळण्याचा आणि चांगल्या पंख्याचा स्वभाव संथपणाचा. या दोघांचा संसार तिने जुळवला.

विजेच्या बाजूने पाहिले तर पहिले मोठे यश आणखी आधीचे आहे. व्हर्नची कादंबरी येण्याच्या दोन वर्षे आधी, ९ ऑगस्ट १८८४ रोजी शार्ल रनार आणि आर्त्यूर क्रेब्स या दोन फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांनी 'ला फ्रान्स' हे हवाई जहाज आठ किलोमीटर फिरवून जेथून निघाले तेथेच परत आणले. विजेची मोटर साडेआठ अश्वशक्तीची, घटमाला ४३५ किलोची, आणि पुढे लावलेला चार पात्यांचा संथ पंखा सात मीटर व्यासाचा. भार अर्थात फुग्यातला हायड्रोजन उचलत होता. वेळ : तेवीस मिनिटे. आजच्या ड्रोनधारकाला हा आकडा ओळखीचा वाटेल.

फुगा काढून टाकला की काय होते, हे पुढच्या पिढीने पाहिले. १९०७ साली लुई ब्रेगे आणि त्याचा भाऊ यांनी शार्ल रिशे याच्या सहकार्याने चार फिरत्या पंख्यांचे यंत्र जमिनीपासून उचलले. (हा रिशे म्हणजे १९१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणारा शरीरशास्त्रज्ञ, त्या काळी विद्वानांना एकाच दारातून ये-जा करण्याचे बंधन नव्हते.) चार कोपऱ्यांवर चार माणसे यंत्राला धरून उभी होती, म्हणून ते मोकळे उड्डाण मानले जात नाही. १९२२ मध्ये जॉर्ज द बोथेझाट या रशियन अभियंत्याचे चार पंख्यांचे यंत्र अमेरिकी लष्करासाठी उडाले आणि गुंतागुंतीपायी बाजूला पडले. ४ मे १९२४ रोजी एतिएन ओमिशेनने फ्रान्समध्ये एक किलोमीटरचे बंद वर्तुळ पुरे केले. वेळ सात मिनिटे चाळीस सेकंद. त्यानंतर एकच मोठा पंखा आणि शेपटीशी एक छोटा पंखा अशी रचना प्रस्थापित झाली, आणि चार पंख्यांची कल्पना कित्येक दशके अडगळीत गेली. इंजिन एक आणि पंखे चार, तर त्या चौघांना वेगवेगळ्या जोराने फिरवायचे कसे, हा तिढा त्या काळात सुटण्यासारखा नव्हता.

कॅमेरा दरम्यान थांबून राहिला नव्हता. १८८८ साली फ्रान्समध्ये आर्त्यूर बात्यूने तो पतंगाला बांधला. १९०६ च्या भूकंपानंतरचे सॅन फ्रान्सिस्को जॉर्ज लॉरेन्सने पतंगांच्या माळेवरून टिपले. जर्मनीत नॉयब्रोनरने तो कबुतरांच्या छातीशी बांधला. या सर्वांत खर्च वारा किंवा कबूतर सोसत होते. म्हणूनच ते स्वस्त होते आणि म्हणूनच हुकमी नव्हते.

चार पंख्यांचा तिढा सुटला तो विजेच्या मोटरीने. प्रत्येक पंख्याला स्वतःची मोटर दिली की फक्त वेग कमीजास्त करून यंत्र तोलता येते. पण त्यासाठी मोटर हलकी आणि जोरकस हवी. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे निओडिमियमची चुंबके तयार झाली. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. आणि मग मोटरीची रचना आतून बाहेर उलटली : तारांची वेटोळी मध्ये स्थिर, चुंबके लावलेली वाटी त्यांच्याभोवती फिरणारी. हौशी मंडळींनी सुरुवातीला अशा मोटरी जुन्या सीडी-ड्राइव्हच्या मोटरींना नव्याने तार गुंडाळून घरी बनवल्या. वाटीचा घेर मोठा आणि चुंबके अनेक, त्यामुळे ही मोटर कमी वेगातही मोठा पीळ देते आणि पंखा थेट तिच्या अंगावर बसवता येतो. राईट बंधूंच्या साखळीचे काम तिच्या घेराने केले.

येथून निवडीचा प्रश्न आजच्या रूपात उभा राहतो. मोटरीवर 'केव्ही' नावाचा आकडा लिहिलेला असतो : एका व्होल्टमागे रिकामी मोटर मिनिटाला किती फेरे घेईल ते. मोठ्या पंख्यासाठी कमी केव्हीची मोटर घ्यावी, हा प्रघात योग्यच आहे. मात्र कमी केव्ही म्हणजे मोटर अधिक कसाची, हा समज खरा नव्हे. त्याच आकाराच्या मोटरीत बारीक तारेचे अधिक वेढे घातले की केव्ही उतरतो, मोटरीचा वकूब तेवढाच राहतो. वकूब ठरतो तांबे आणि चुंबक किती आहे त्यावर, म्हणजे पुन्हा वजनावर. मोटर गरजेपेक्षा लहान असली तर ती तापते आणि बॅटरीतली वीज उष्णता होऊन जाते. गरजेपेक्षा मोठी असली तर स्वतःलाच उचलत बसते. स्थिर तरंगताना मोटर आपल्या कमाल जोराच्या साधारण निम्म्यावर असावी, उरलेला जोर वाऱ्याच्या झोतासाठी राखीव ठेवावा, हा अनुभवातून आलेला धडा आहे. पंख्याचा पिच, म्हणजे घट्ट द्रव्यात मळसूत्रासारखा शिरला तर एका फेऱ्यात तो जेवढे अंतर कापील ते, शर्यतीच्या यंत्राला जास्त लागतो. थांबणाऱ्याला तो व्यासाच्या मानाने कमीच बरा. पाती दोन पुरतात. तीन-चार पाती लावली जातात ती बहुधा व्यास वाढवायला जागा नसते म्हणून.

एकाच यंत्राचे उदाहरण घ्यायचे तर डीजेआय कंपनीच्या 'माविक प्रो'चे घ्यावे. २०१६ चे हे घडीचे यंत्र. वजन पाऊण किलोच्या आत, बॅटरी ४३.६ वॅट-तासांची, जाहीर केलेला उड्डाणकाळ सत्तावीस मिनिटे. पुढच्या वर्षी त्याची 'प्लॅटिनम' आवृत्ती आली. बॅटरी तीच, अंग तेच. बदलले ते पंख्यांच्या पात्यांचे आकार आणि मोटरींना वीज पुरवणाऱ्या नियंत्रकांची पद्धत. पूर्वीचे झटक्यांचे विद्युत्प्रवाह जाऊन गुळगुळीत लहरीचे प्रवाह आले. उड्डाणकाळ तीस मिनिटांवर गेला आणि आवाजही उतरला. तीन मिनिटे ही काही क्रांती नव्हे. परंतु बॅटरीत एका ग्रॅमची भर न घालता मिळालेली ती तीन मिनिटे आहेत. याच यंत्राच्या पत्रकात आणखी एक बोलका आकडा आहे. सत्तावीस मिनिटे मिळत ती ताशी पंचवीस किलोमीटरच्या संथ गतीने पुढे जाताना. एका जागी थांबून ठेवले तर चोवीसच. पुढे सरकणाऱ्या पंख्याला सतत न ढवळलेली नवी हवा मिळते, म्हणजे हवेचा साठा न मागता मोठा होतो. कापशी घार पुढे सरकते ती काही केवळ कंटाळून नव्हे.

तर मग पंखे मोठे, आणखी मोठे का करू नयेत? कोणी केले तर काय होते, हेही पाहायला मिळाले आहे. माणसाच्या स्नायूंवर चालणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी १९८० साली सिकोर्स्की पारितोषिक जाहीर झाले : साठ सेकंद हवेत राहायचे, तीन मीटर उंची गाठायची, दहा मीटरच्या चौकोनाबाहेर सरकायचे नाही. तेहेतीस वर्षे ते कोणाला मिळाले नाही. १३ जून २०१३ रोजी कॅनडातील 'एरोव्हेलो' या गटाच्या 'ॲटलस'ने ते मिळवले. टॉड रायकर्ट हा वैमानिक सायकलचे पायटे मारत चौसष्ट सेकंद वर राहिला. यंत्र चार पंख्यांचे होते. प्रत्येक पंख्याचा व्यास वीस मीटरच्या वर आणि यंत्राचे वजन माणसावेगळे पंचावन्न किलोच्या आसपास. किलोमागे खर्च होणारी शक्ती काढली तर 'माविक'च्या तुलनेत ती पंधरा-वीस पटींनी कमी भरते. रोब्यूरच्या नेमकी उलट ही निवड, आणि येथे कोणतेही गुपित नव्हते. एका दमदार माणसाची मांडी होती, एवढेच. पण 'ॲटलस' उडाले ते बंदिस्त क्रीडागृहात, वाऱ्याची झुळूकही येणार नाही अशा जागी. मोठे पाते जड असते. त्याचा वेग झटकन वाढत नाही, घटत नाही. वेग बदलूनच तोल सांभाळणाऱ्या ड्रोनला ही सुस्ती परवडत नाही. वाऱ्याचा झोत आला की कॅमेरा डोलतो, आणि डोलणारा कॅमेरा अर्धा तास वर राहिला काय किंवा तासभर राहिला काय, सारखेच. शिवाय यंत्र पाठीवरच्या पिशवीत मावले पाहिजे. छायाचित्रकाराला हवा असलेला वेळ या सगळ्या मागण्यांच्या भांडणातून जे उरते तेवढाच असतो.

हे भांडण आपल्याकडेही लढले गेले आहे. आयआयटी मुंबईतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ मध्ये 'आयडियाफोर्ज' ही कंपनी काढली. पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेबरोबर त्यांनी 'नेत्र' हा चार पंख्यांचा ड्रोन घडवला. वजन दीड किलोच्या आसपास, उड्डाणकाळ अर्धा तास. जून २०१३ मध्ये, 'ॲटलस'चे उड्डाण झाले त्याच महिन्यात, उत्तराखंडात महापूर आला आणि दऱ्याखोऱ्यांत अडकलेली माणसे शोधण्यासाठी 'नेत्र' वापरला गेला. तेथे हवाही अनुकूल नसते. साडेतीन हजार मीटर उंचीवर ती जवळपास तीस टक्क्यांनी विरळ होते, आणि तेच वजन तोलायला सुमारे पाचव्या भागाने अधिक शक्ती लागते. पुण्यातला अर्धा तास डोंगरात अर्धा तास राहत नाही. अशा वेळी पंख्याच्या एका इंचावर किती दरीखोरी पाहून होतात हे ठरते.

याच मंडळींनी केलेले यंत्र बहुतेक मराठी वाचकांनी नकळत पाहिलेले आहे. '३ इडियट्स' (२००९) या चित्रपटात जॉय लोबो या विद्यार्थ्याचा अपुरा राहिलेला, प्राचार्यांनी निकालात काढलेला ड्रोन त्याचे मित्र गुपचूप दुरुस्त करून वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत चढवतात. त्यावरचा कॅमेरा आत पाहतो, आणि खालच्या छोट्या पडद्यावर लोबोचा लोंबकळणारा देह दिसतो. हिंदी चित्रपटाने अधांतरी थांबलेल्या कॅमेऱ्याचा इतका गंभीर उपयोग तोवर क्वचितच केला असेल. यंत्र थांबू शकते म्हणूनच ते दृश्य घडते; उडत पुढे गेले असते तर खिडकी एक क्षणभर दिसून नाहीशी झाली असती. नादारला फुग्यात जे हवे होते ते हेच थांबणे.

सर्वांत विरळ हवेतला प्रयोग मंगळावर झाला. तेथील हवा पृथ्वीच्या सुमारे एक टक्का दाट. १९ एप्रिल २०२१ रोजी 'इंजेन्युइटी' हे १.८ किलोचे हेलिकॉप्टर तेथे एकोणचाळीस सेकंद उडाले. एवढ्याशा देहाला एकाच अक्षावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे, प्रत्येकाचा व्यास १.२ मीटर, आणि तेही मिनिटाला दोन हजार चारशेच्या वर फेरे घेणारे. येथे मोठा व्यास आणि मोठा वेग, दोन्हींवाचून इलाज नव्हता. त्याच्या अंगावर राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या कापडाचा एक तुकडा लावलेला होता. पाच उड्डाणांसाठी पाठवलेले हे यंत्र बहात्तर वेळा उडाले. १८ जानेवारी २०२४ च्या शेवटच्या उड्डाणानंतर त्याच्या कॅमेऱ्याने जमिनीचे छायाचित्र घेतले; त्यात मंगळाच्या वाळूवर त्याच्याच पात्याची सावली पडली होती, आणि पात्याचे टोक तुटलेले होते.